न तापणारी सीट : बिघाड शोधण्याचा थोडा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय कळवल्यावर संयोजकांनी आम्हाला दोनदा फोन केला. पहिल्यांदा विचारलं, "सर, विषय बरोबर ऐकला ना आम्ही? मोटारीची गरम होणारी सीट?" दुसऱ्यांदा म्हणाले, "सर, यवतला मे महिन्यात कुठलीही सीट आपोआपच गरम होते." (हशा) दोन्ही वेळा आम्ही विषय बदलला नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मोटारीचं बॉनेट स्वतःच्या हाताने कधी उघडलं नाही. पण सहा वर्षांपूर्वी डिसेंबरच्या एका पहाटे, इथून जवळच सोलापूर रस्त्याच्या कडेला, एक सीट तापत नव्हती. त्या सकाळी जे घडलं ते सांगण्यासाठीच आम्ही आलो आहोत. मात्र आधी थोडा इतिहास ऐकून घ्या, नाहीतर त्या गोष्टीत नेमकं काय चुकलं होतं ते कळायचं नाही.

बसल्या-निजल्या जागी खालून ऊब देणं ही मोटारीने आणलेली चैन नव्हे. आमचं आजोळ खुटबावचं. तिथे घरात बाळंतीण असली की काथ्याने विणलेल्या बाजेखाली शेगडी सरकवलेली असायची. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. खोलीभर तो वास. (आजचे डॉक्टर त्या धुराला नाही म्हणतात, आणि तान्ह्या बाळाच्या दृष्टीने ते योग्यच आहे.) आता यंत्र म्हणून या बाजेकडे बघा. खाली उष्णतेचा उगम, मध्ये विणीची वाट, वर माणूस. बाळंतीण म्हणाली, "शेक लागत नाही", की आजी लगेच निखारे वाढवत नसे. आधी वाकून बाजेखाली स्वतःचा तळवा धरायची. तिथे ऊब असेल तर निखारे ठीक. मग वर किती गोधड्या घातल्यात ते बघायची. तिथेही ऊब नसेल तर निखाऱ्यांवरची राख झटकायची. आणि मग एक प्रश्न विचारायची: "लागत नाही, का लागतोय ते कळत नाही?" दमलेल्या, गुंगीत असलेल्या बाईला चटका बसला तरी समजत नाही, हे तिने पाहिलेलं असणार. आम्हाला लहानपणी तो प्रश्न म्हणजे म्हातारीची बडबड वाटे.

पुण्याहून दौंडकडे जाणारा लोहमार्ग १८५८ साली डिकसळपर्यंत सुरू झाला. तो तुमच्या गावाच्या शिवेतून जातो. त्या काळी युरोपातल्या थंड मुलखात रेल्वेच्या डब्यात ऊब देण्याची सोय म्हणजे गरम पाण्याने भरलेला चपटा पत्र्याचा डबा. तो पायाखाली ठेवायचा, निवला की पुढच्या स्टेशनवर बदलून घ्यायचा. पुढे १८८०च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका रेल्वेने पाण्याऐवजी सोडियम अ‍ॅसिटेट नावाचा क्षार भरायला सुरुवात केली. त्याची गंमत अशी, की तो निवला तरी कधीकधी गोठायचा राहून जाई. मग डबा जोरात हलवला की एकदम गोठे आणि आत दडलेली उष्णता बाहेर पडे. म्हणजे डबा थंड पडला तर प्रवाशाने तो खडखडून हलवावा! बंद पडलेल्या रेडिओला थापटी मारणाऱ्या आपल्या पिढीला हा उपाय ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की डब्याच्या बाबतीत त्यामागे कारण होतं.

पण बिघाड शोधण्याच्या शास्त्राचा खरा जन्म उबेच्या साधनात झाला नाही. तो झाला तारायंत्रात, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं.

रुळांच्या कडेने तारेचे खांब आले. तार मैलोन् मैल लांब, आणि संदेश पोचला नाही तर ती कुठे तुटली हे कसं कळणार? सगळी लाईन पायी हिंडून बघायची तर दिवस जातील. मग तारमास्तरांनी साधी युक्ती केली. मधल्या स्टेशनवर तपासायचं. इथवर प्रवाह येतोय? मग दोष पुढे. येत नाही? मग दोष मागे. दर वेळी उरलेल्या तुकड्याचा मध्य पकडायचा. चौसष्ट मैलांची लाईन अशी सहा वेळा निम्मी केली की एका मैलावर येतो आपण. समुद्राखालच्या तारेला तर मधे स्टेशनच नसतं. तिथे विजेच्या रोधाचं माप कामाला आलं. तारेचा दर मैलाला रोध किती ते आधीच माहीत असतं. तार कुठेतरी पाण्याला टेकली की किनाऱ्यावर बसून रोध मोजायचा आणि भागाकार करून अंतर काढायचं. समुद्रात न उतरता समुद्रातला दोष सापडतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून देखणं अनुमान आम्ही दाखवू शकत नाही.

रोध इतक्या बारकाईने मोजायची मांडणी सॅम्युअल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये केली होती. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकांसमोर आणली आणि नाव व्हीटस्टन यांचंच चिकटलं. त्याआधी दोन वर्षं, १८४१ मध्ये, मँचेस्टरजवळच्या एका बीअर बनवणाऱ्या घराण्यातल्या जेम्स जूल या बावीस वर्षांच्या तरुणाने तार किती तापते याचा नियम मांडला होता. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट, आणि रोध दुप्पट केला तर उष्णता दुप्पट. तापणाऱ्या सीटचं सगळं भौतिकशास्त्र एवढंच. आणि १८४३ सालीच जॉन स्टुअर्ट मिल यांचा तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ आला, ज्यात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत. हे दोघे एकमेकांचं वाचून लिहीत नव्हते. तरी तारेतला दोष शोधणारा आणि कारणाचा तर्क लावणारा एकाच वर्षी एकच काम करत होते, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगायचो. मुलं लिहून घ्यायची, आम्हीही पुढे जायचो.

आपल्याकडे हे काम त्याच्या कितीतरी आधी झालेलं आहे. न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण धूर आणि विस्तवाचं. स्वयंपाकघरात धूर आहे तिथे विस्तव आहे, हा अन्वय. तलावात विस्तव नाही तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी पडताळा घेतला तर संबंध पक्का. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त हे अगदी थोडक्यात आहे. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांच्या टिपांसह १८९७ साली मुंबईहून निघालेली त्याची आवृत्ती आमच्या पिढीने अक्षरशः झिजवली. पण खरी मजा पुढे आहे. धूर तिथे विस्तव हे ठीक, पण विस्तव तिथे धूर असं म्हणता येईल का? नैयायिक म्हणतात, नाही. लाल होईपर्यंत तापवलेला लोखंडाचा गोळा घ्या. आत विस्तव आहे, धूर नाही. मग धूर कशाने येतो? ओल्या सरपणाने. हे यवतकरांना समजावून सांगण्याची गरजच नाही. गुऱ्हाळावर चिपाडं ओली असली की चुलवाणातून धुराचे लोट निघतात आणि काहील मात्र उकळायचं नाव घेत नाही. तिथला जळव्या धूर बघून "जाळ चांगला लागलाय" म्हणेल का? म्हणजे खूण आणि वस्तू यांच्यामध्ये तिसरंच काहीतरी असतं. न्यायाच्या भाषेत त्याला उपाधी म्हणतात. बटणावरचा दिवा लागला म्हणून सीट तापली, असं समजणाऱ्याने हा गोळा आठवावा.

तर मोटारीकडे वळू. तारेने तापवायचं म्हटलं तर तार टिकली पाहिजे. साधी तार हवेत तापून तापून जळून तुटायची. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचं पेटंट मिळवलं, तेव्हा कुठे टोस्टर, इस्त्री, शेगड्या घरोघर जाण्याची वाट मोकळी झाली. सीटमध्ये तापणारी तार घालण्याचं पेटंट जनरल मोटर्सच्या रॉबर्ट बॅलार्ड यांना १९५५ मध्ये मिळालं, अर्ज १९५१चा. १९६६च्या कॅडिलॅकमध्ये जास्तीचे पैसे भरून अशी सीट मिळू लागली, तिच्यात तारेऐवजी कार्बनचं कापड होतं. पुढे १९७१-७२ मध्ये स्वीडनच्या साब कंपनीने ९९ या मॉडेलमध्ये चालकाची सीट तापती करून मूळ गाडीबरोबरच द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे जाहिरात होते ती थंड हवा सोडणाऱ्या सीटांची, आणि ते हवामानाला धरूनच आहे.

आता ही सीट का तापत नाही? बारा व्होल्टवर साधारण पाच अँपिअर, म्हणजे साठ वॅटचं काम. त्याचा रोध अडीच ओहमच्या आसपास. फ्यूज, बटण, रिले किंवा इलेक्ट्रॉनिक पेटी, सीटखालचा जोड, तापमान मोजणारा मण्याएवढा सेन्सर, आणि शेवटी सीटमधली तार. वाट एवढीच आहे. फ्यूज उडाला तर सोपं. सेन्सर बिघडला तर पेटीला वाटतं काहीतरी भलतंच चाललंय, आणि ती प्रवाह सोडतच नाही. मागचं सामान काढायला कुणी सीटवर गुडघा टेकवला की आतली तार तुटते. बुडाखालची आणि पाठीची तार बऱ्याच गाड्यांत एकापुढे एक जोडलेली असते, त्यामुळे एक तुटली की दोन्ही गार. काही गाड्यांत इंजिन चालू नसेल किंवा बॅटरी उतरलेली असेल तर सीट मुद्दामच तापत नाही. तिथे बिघाडच नसतो.

सगळ्यात जास्त दगा देतो तो सीटखालचा जोड. सीट पुढे-मागे सरकते, वायर ओढली जाते, पिन सैल होते. इथे जूलचा नियम उलटा फिरतो. सैल जोडाचा रोध वाढतो, आणि जी उष्णता सीटमध्ये निघायची ती जोडातच निघू लागते. वर माणूस कुडकुडतोय आणि खाली प्लास्टिक करपतंय. तुमच्या मोटरपंपाच्या स्टार्टरमध्ये करपलेली वायर तुम्ही पाहिली असेल; ती अशीच.

आता ती पहाट.

आमच्या पुतण्याने जुनी, पण परदेशी बनावटीची मोठी गाडी घेतली होती. सोलापूरला लग्न होतं. पत्नीच्या कमरेचं दुखणं जुनं, मणक्यातली चकती सरकलेली. सीट तापते म्हणून त्याच गाडीने जायचं ठरलं. पण सीट काही तापेना. पुतण्या म्हणाला, "काका, दोन्ही सीटा गेल्यात. वर्कशॉपला दाखवलंय." त्या वर्कशॉपने (नाव घेण्याचं कारण नाही) आधी नुसत्या पुतण्याच्या तक्रारीवरून उजव्या सीटचा बिघाड नोंदवला होता. आदल्या संध्याकाळी पत्नी थोडं फिरून आली आणि तीही म्हणाली, "माझीही तापत नाही." पुतण्याने लगेच फोन करून हेही सांगितलं. तिकडून उत्तर आलं, दोन्ही एकदम बंद म्हणजे पेटीच गेली. पेटी आणि सोबत सीटाही बदलाव्या लागतील. सांगितलेला आकडा आमच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढा होता.

हा तर्क कोणता, ते बघा. दोन ठिकाणी एकच लक्षण, म्हणून कारण एकच. मिलच्या पद्धतींतली ही पहिली पद्धत. आणि तिची खोड मिल यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे: एकाच परिणामाला वेगवेगळी कारणं असू शकतात. आम्ही हे तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. त्या पहाटे गाडीच्या मागच्या सीटवर बसून आम्हीही "पेटीच असणार" म्हणत होतो.

यवतला चहाला थांबलो. टपरीशेजारी एक ऑटो इलेक्ट्रिशियन शटर उघडत होता. ट्रकचे दिवे, डायनॅमो, सेल्फ करणारा. ते गृहस्थ आज या सभागृहात शेवटच्या रांगेत बसले आहेत, आणि नाव घ्यायचं नाही असं त्यांनी आम्हाला बजावलं आहे. पुतण्याने सहज विचारलं. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, दोन्ही बटणं दाबली आणि काही न करता नुसते बघत राहिले. उजव्या बटणाचा दिवा थोड्या वेळाने आपोआप विझला. डाव्याचा विझला नाही. ते म्हणाले, "दोन्ही एक नाहीत. उजवीला कट आहे. डावीचं वेगळं बघू."

मग त्यांनी इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि आमच्याबरोबर चहा घेतला. आम्हाला वाटलं, कामचुकारपणा चाललाय. नंतर कळलं, सीटखाली पिवळ्या रंगाचाही एक जोड असतो, तो एअरबॅगचा. त्यातली साठलेली वीज उतरू द्यायची असते. "पिवळ्याला हात नाही लावायचा," ते म्हणाले. सीटखाली छत्री अडकली होती, तिने वायर ओढली होती, जोड तपकिरी पडला होता. करपलेलं टोक कापून त्यांनी नवीन पिन बसवली, बॅटरी जोडली. उजवी सीट तापली.

"आता काकू, तुमची."

पत्नी बसली. पाच मिनिटं गेली. "नाही बाई, काही नाही." त्यांनी तिला उतरायला सांगितलं आणि सीटवर तळवा ठेवला. मग पुतण्याला ठेवायला सांगितला. मग आम्हाला. सीट चांगलीच गरम होती. त्या गारठ्यात तर हात उचलावासा वाटेना. पत्नीनेही हात ठेवला आणि म्हणाली, "अगंबाई, गरम आहे की." पुन्हा बसली. पुन्हा काही नाही. तेव्हा त्यांनी जे विचारलं ते शब्द आम्ही खुटबावच्या त्या अंधाऱ्या खोलीनंतर पहिल्यांदा ऐकले: "काकू, लागत नाही, का लागतोय ते कळत नाही?"

ती काही क्षण बोलली नाही. पुढचं तिच्या परवानगीने सांगतो, कारण इथे कंबरदुखीचे अनेक जण असतील. आदल्या दुपारपासून बसायच्या जागेला बधिरपणा होता, "दुसऱ्याच कुणाच्या कातड्यावर बसल्यासारखं" वाटत होतं. रात्रीपासून लघवीही नीट होत नव्हती. लग्नाचं विघ्न नको म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आम्हाला याचा अर्थ कळला नाही. ओळखीच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, गाडी वळवा, उद्या नाही, आत्ता. घोड्यावर बसल्यावर शरीराचा जो भाग खोगिराला टेकतो, नेमका तोच भाग बधिर होणं आणि लघवी अडणं, हे मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याचं लक्षण असतं. त्यात तासांचा हिशोब असतो. उशीर झाला तर गेलेली संवेदना आणि लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता कमी होते.

निघताना इलेक्ट्रिशियन साहेबांनी खिडकीतून हात घालून डाव्या सीटचं बटण स्वतः बंद केलं. "ही चालू ठेवू नका. भाजेल आणि कळणार नाही." त्या घाईत आम्ही नुसती मान हलवली. पुढे वाचनात आलं, की मणक्याला इजा झालेले, मधुमेहाने संवेदना गेलेले लोक अशा सीटांवर भाजल्याचे प्रकार अमेरिकेत नोंदले गेले, आणि २०११ मध्ये तिथल्या भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आणि सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्यांनी सरकारी वाहनसुरक्षा खात्याकडे मागणी केली, की या सीटांच्या तापमानाला कमाल मर्यादा घाला.

पुण्यात दुपारी एमआरआय झाला, रात्री शस्त्रक्रिया.

आता आम्ही स्वतःची झडती घेतो. घरात दोन साक्षी होत्या. पुतण्याचं "तापत नाही" आणि पत्नीचं "तापत नाही". शब्द तेच. पहिल्यात सीट बिघडली होती. दुसऱ्यात सीट धडधाकट होती आणि ज्याने जाणायचं ते इंद्रियच बिघडलं होतं. दर्शनांमध्ये प्रत्यक्षाच्या चुकांची कारणं सांगताना इंद्रियाचा दोष हे कारण जवळजवळ प्रत्येकाने नोंदवलं आहे. काविळीच्या माणसाला शंख पिवळा दिसतो, हे त्याचं ठरलेलं उदाहरण. ते आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आणि घरात चाळीस वर्षं सोबत राहिलेलं माणूस "मला कळत नाही" म्हणायचं सोडून "सीट तापत नाही" म्हणत होतं, ते आम्हाला ऐकू आलं नाही. तिने खोटं सांगितलं नव्हतं. बधिर माणसाला जग गार लागतं, स्वतःचं अंग गार आहे असं वाटत नाही. तपासणाऱ्यानेच तळवा मध्ये घालावा लागतो. आजी घालायची. यवतच्या टपरीशेजारच्या गॅरेजात घातला गेला. आमच्या हातात त्या वेळी चहाचा कप होता.

पैसे विचारले तर इलेक्ट्रिशियन साहेबांनी फक्त उजव्या सीटचे घेतले. डावीला काही केलंच नाही म्हणाले.

पत्नी आता चालते, जिना चढते. ज्येष्ठात पालखी यवतला मुक्कामी आली होती तेव्हा पिठलं-भाकरीच्या पंगतीला मांडी घालून बसली होती. उजव्या बाजूची संवेदना बरीचशी परत आली. डावीकडे तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, आणि तो परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. पुतण्याची गाडी तीच आहे. त्या गाडीत बसायच्या आधी ती वाकते, सीटवर तळवा ठेवते, थोडा वेळ थांबते, आणि मग बसते.